वारुळाची गोष्ट आणि वारूळ

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, शहापूर तालुक्यात तानसाच्या जंगलाला लागून असलेल्या एका शाळेत नववीच्या मुलामुलींसमोर मी एक पाठ घेतला. विषय होता 'निसर्गाकडून शिकू या : अभियांत्रिकी आणि डिझाइन'. पाठ मूळ इंग्रजीतला, मराठीत मीच आणलेला. चौथ्या चित्रात झिंबाब्वेच्या हरारे शहरातली ईस्टगेट सेंटर ही इमारत आणि तिच्या शेजारी एक उंच वारूळ होतं. खाली माझंच वाक्य होतं : 'वाळवी आपल्या घराचं तापमान कायम एकसारखं राखते. तिच्याकडून शिकून माणसाने एसीशिवाय थंड राहणारी इमारत बांधली.' मी विचारलं, वारूळ कोणीकोणी पाहिलंय? सगळे हात वर. मग काय माहीत आहे वारुळाबद्दल? नागपंचमी झाली, साप झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "वारुळावर अळंबी येते पावसात. आई काढून आणते. रस्त्यावर बसून विकतो आम्ही." वर्ग हसला. मीही हसले, "छान" म्हणाले आणि पाचव्या चित्राकडे वळले.

ते "छान" मला अजून टोचतं. कारण त्या खोलीत वारुळाबद्दलचं खरं वाक्य तो मुलगा बोलला होता आणि चुकीचं माझ्या चित्राखाली लिहिलेलं होतं. हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

हा लेख म्हणजे त्या पाठाचं परीक्षण आहे. परीक्षण सहसा पुस्तकाचं करतात, नाटकाचं करतात. पण थोड्याफार फरकाने हाच पाठ आज इतक्या शिबिरांत, व्हिडिओंमध्ये आणि शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनांत सांगितला जातो, की तो आता एक साहित्यप्रकारच झाला आहे. त्याची पात्रं ठरलेली, वळणं ठरलेली, तात्पर्य ठरलेलं. तेव्हा त्याच्याकडे साहित्य म्हणून बघायला हरकत नाही.

या प्रकाराचा मूळ ग्रंथ म्हणता येईल असं पुस्तक म्हणजे जनीन बेन्यस यांचं 'बायोमिमिक्री' (१९९७). निसर्गाची नक्कल करून डिझाइन करणं ही कल्पना त्याआधीही होती. ऑटो लिलिएन्थालने करकोच्याच्या पंखांचा अभ्यास करून पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिलं ते १८८९ मध्ये. पण या विचाराला नाव, सूर आणि नीती मिळाली ती बेन्यस यांच्यामुळे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : निसर्गाने ३८० कोटी वर्षं प्रयोग केले आहेत. जे फसलं ते जीवाश्म झालं, जे टिकलं त्यात जगण्याचं गुपित आहे. म्हणून निसर्गाला कच्च्या मालाचं कोठार न मानता त्याला आदर्श, मापदंड आणि गुरू माना. पुस्तक चांगलं आहे, त्यातलं कुतूहल खरं आहे, आणि ते लिहिण्यामागे पृथ्वीबद्दलची काळजी आहे. माझी तक्रार त्या पुस्तकाबद्दल कमी आणि त्याच्या उताऱ्यांवर वाढलेल्या पाठाबद्दल जास्त आहे.

पाठात तीन गोष्टी हमखास येतात. पहिली वेल्क्रोची : १९४१ साली स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्ट्रल कुत्र्याला घेऊन फिरायला गेला, कुत्र्याच्या केसांत गोखरूसारखी काटेरी फळं अडकली, त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि वेल्क्रो जन्माला आला. दुसरी जपानच्या बुलेट ट्रेनची : बोगद्यातून बाहेर पडताना गाडीचा बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा, एजी नाकात्सु या पक्षीवेड्या इंजिनिअरला खंड्या पक्ष्याची चोच आठवली, आणि १९९७ मध्ये लांब चोचीची नवी गाडी धावली. तिसरी वारुळाची. तिन्हींची बांधणी एकच आहे. एक अडचण, एक एकटा हुशार माणूस, एक प्राणी किंवा वनस्पती, एक साक्षात्काराचा क्षण, शेवटी एक वस्तू. इसापनीतीत आणि पंचतंत्रात प्राणी माणसाला शहाणपण शिकवतात, इथे इंजिनिअरिंग शिकवतात, एवढाच फरक.

बोधकथेत अडचण नसते ती खोटेपणाची. अडचण असते गाळलेल्या भागाची. वेल्क्रोच्या गोष्टीत साक्षात्कार १९४१ चा आणि पेटंट १९५५ चं. मधली चौदा वर्षं कुठे गेली? त्या वर्षांत मेस्ट्रल फ्रान्समधल्या ल्यों या विणकरांच्या शहरात गेला. तिथल्या एका विणकराने हातमागावर सुती पट्ट्या विणून दाखवल्या. सूत टिकलं नाही, मग नायलॉन आलं. नायलॉनचे फास कापून एकसारखे आकडे करायचे कसे, यात बरीच वर्षं गेली. म्हणजे गोखरूकडून आली ती कल्पना. वस्तू आली विणकराकडून, कात्रीकडून आणि फसलेल्या सुतातून. पण पाठात गोखरू असतं आणि मेस्ट्रल असतो, विणकर नसतो. बुलेट ट्रेनचंही तेच. चोच आठवली हे खरं, पण ती चोचच का, हे निरनिराळ्या आकारांच्या चाचण्या घेऊन आणि संगणकावर आकडेमोड करून ठरलं. पाठात चाचण्या नसतात, कारण त्यांचं चित्र चांगलं येत नाही.

आता वारूळ. मिक पिअर्स या वास्तुविशारदाची ईस्टगेट इमारत १९९६ मध्ये पूर्ण झाली. ती काम करते, आणि नेहमीच्या वातानुकूलित इमारतींपेक्षा बरीच कमी वीज खाते. रात्रीची थंड हवा काँक्रीटच्या जाड वस्तुमानातून खेळवायची, दिवसभर त्या साठवलेल्या थंडाव्यावर भागवायचं, आणि तापलेली हवा धुराड्यांतून वर सोडायची, अशी तिची रीत. ही प्रेरणा ज्या समजातून आली तो समज १९६१ च्या सुमारास मार्टिन ल्यूशर या शास्त्रज्ञाने मांडलेला होता : वारुळाच्या पोटातली गरम हवा वर चढते, बाहेरच्या भिंतीतल्या नळ्यांतून थंड होत खाली येते, आणि घर गार राहतं. २००८ मध्ये स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी नामिबियातल्या वारुळांवरच्या आपल्या मोजमापांच्या आधारे हे खोडून काढलं. वारुळातल्या घरट्याचं तापमान आजूबाजूच्या जमिनीच्या तापमानाबरोबर ऋतूनुसार खालीवर होतं, वारूळ ते 'राखत' नाही. वरचा मातीचा डोलारा एसीचं काम करत नसून फुप्फुसाचं काम करतो. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा आणि प्राणवायू आत घ्यायचा, ही त्याची खरी कामगिरी.

आणि एवढा श्वास कशासाठी लागतो? आत लाखो वाळव्या आहेत हे तर झालंच. पण या वाळव्या शेतकरी असतात. चावलेल्या लाकडाच्या भुशावर त्या बुरशीचे मळे लावतात आणि त्यावर जगतात. ही बुरशीही श्वास घेते, आणि दणकून घेते. पावसाळ्यात याच बुरशीची छत्री माती फोडून वर येते. तिलाच आपण अळंबी म्हणतो.

म्हणजे मागच्या बाकावरच्या त्या मुलाने वारुळाच्या पोटातल्या मळ्याची बातमी दिली होती. त्याला मी फक्त एवढं विचारायला हवं होतं : अळंबी इतरत्र कुठे न उगवता वारुळावरच का उगवते? त्या एका प्रश्नावर पुढचे दोन तास गेले असते. बुरशी, तिचं अन्न, तिचा श्वास, कोंडलेली हवा, आणि मग, ही हवा बाहेर कशी जात असेल? हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी नेमका हाच प्रश्न आपल्याकडच्या वारुळांना विचारला. बंगळूरमधल्या वारुळांत त्यांनी हवेचा वेग मोजला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. वारुळाच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या पातळ कडा दिवसा गाभ्यापेक्षा लवकर तापतात, तेव्हा हवा कडांतून वर आणि गाभ्यातून खाली वाहते. रात्री कडा लवकर निवतात आणि प्रवाह उलटा होतो. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक हेच वारुळाचं इंजिन. यासाठी त्यांना हवेचा अगदी मंद वेग मोजणारं नाजूक साधन लागलं, पण प्रश्न नववीच्या मुलाच्या आवाक्यातला होता. गंमत म्हणजे ईस्टगेटही दिवस-रात्रीच्या फरकावरच चालते. इमारत बरोबर, वारूळ बरोबर, दोघांना जोडणारी गोष्ट तेवढी चुकीची. मी शिकवत होते ती गोष्ट.

या पाठाची मराठी परंपरेतली भावकी शोधताना मला एकनाथी भागवत आठवलं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, पाणी, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मासा, कोळी. 'निसर्गाकडून शिकू या' याची इतकी जुनी आणि इतकी पद्धतशीर यादी आपल्या घरातच आहे. अवधूताला यंत्र करायचं नव्हतं, त्याला वैराग्य हवं होतं, हे मान्य. पण यादी नीट पाहिली तर तिच्यात अशा दोन गोष्टी सापडतात ज्या आजच्या पाठात नाहीत.

एक, अवधूताचे गुरू चुकतात. कबुतर पिलांच्या मोहापायी जाळ्यात उडी घेतं, पतंग दिव्यावर जळतो, मासा गळाला लागतो. त्यांच्याकडून शिकायचं ते असं करू नये म्हणून. बेन्यस यांच्या वारसांचा निसर्ग मात्र कधी चुकत नाही. तो ३८० कोटी वर्षांचा अनुभवी सल्लागार आहे. उत्क्रांती वाचलेल्या कोणालाही हे खटकेल. आपल्या डोळ्यात पडद्याच्या पुढून मज्जातंतूंची वायरिंग गेलेली आहे, म्हणून प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका आहे. ऑक्टोपसच्या डोळ्यात तो नाही. निसर्ग जुन्या घरालाच खोल्या काढत जातो, नवा आराखडा काढायला त्याला उसंत नसते. स्टीव्हन व्होगेल या जीवशास्त्रज्ञाने 'कॅट्स पॉज अँड कॅटपल्ट्स' (१९९८) या पुस्तकात हा मुद्दा शांतपणे आणि मिश्कीलपणे मांडला आहे. निसर्गाचं तंत्र ओलं, लवचीक, वाकडंतिकडं आणि बिनचाकाचं, माणसाचं कोरडं, ताठ, काटकोनी आणि धातूचं. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण एकाची सरळ नक्कल दुसऱ्यात क्वचितच चालते. आकार दहापट वाढवला की ताकद शंभर पट वाढते आणि वजन हजार पट, हे तर गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवलं होतं. किशोरवयीन मुलांना शिकवायला मला बेन्यसपेक्षा व्होगेल जास्त उपयोगी वाटतो, कारण तो भक्ती मागत नाही.

चुकांचं दर्शन घ्यायला तानसाच्या मुलांना लांबही जावं लागत नाही. पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या झाडांना सुगरणीचे खोपे लटकतात. बहिणाबाईंमुळे ते प्रत्येक मराठी मुलाच्या ओळखीचे. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहून सुगरणीचा अभ्यास केला आणि लक्षात आणून दिलं की खोपा विणतो तो नर. तो अर्धवट खोपा विणून थांबतो, मादी येऊन पारखते, पसंत पडला तर पुढचं काम होतं, नाही तर खोपा तसाच सोडून दिला जातो. म्हणजे झाडावर दिसणारे कितीतरी खोपे हे नापसंत झालेले नमुने आहेत. डिझाइनच्या भाषेत ज्याला प्रोटोटाइप म्हणतात आणि ज्याच्यावर महागड्या संस्थांमध्ये व्याख्यानं होतात, तो इथे फांदीला टांगलेला आहे. खाली पडलेले खोपे गोळा करून हा का नाकारला असेल, हे मुलांना शोधायला लावणं हा सुगरणीच्या कौतुकापेक्षा चांगला धडा आहे.

दोन, अवधूताच्या यादीत माणसं आहेत. मध गोळा करणारा आहे. पाहुणे आले म्हणून घाईने साळी कांडणारी, हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून एकेक उतरवणारी कुमारी आहे. आणि बाण करणारा कारागीर आहे, जो कामात इतका बुडाला आहे की शेजारून राजाची मिरवणूक गेलेली त्याला कळत नाही. अजगर आणि बाण करणारा एकाच यादीत, एकाच मानाने. आमच्या पाठातून हा बाण करणाराच गळला. एका टोकाला निसर्ग, दुसऱ्या टोकाला इंजिनिअर, आणि मधे कोणी नाही. ल्योंचा विणकर नाही तसा शहापूरचा टोपल्या विणणाराही नाही.

इरलं घ्या. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाच्या पानांचे थर, वरचं पान खालच्यावर चढलेलं, म्हणजे कौलांसारखं पाणी ओघळून जावं. त्याचा बाक पाठीचा आहे, आणि तोही उभ्या माणसाच्या नव्हे, आवणी करताना कमरेत वाकलेल्या बाईच्या पाठीचा. दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला हे जमत नाही. प्लास्टिकच्या खोळीने इरल्याला जवळजवळ हद्दपार केलं, त्याला कारणं आहेत : खोळ हलकी, स्वस्त, आणि दरवर्षी विणावी लागत नाही. पण डिझाइन शिकवताना पळसाच्या पानाला पाणी कसं निथळतं हे मी सांगितलं, 'अळवावरचं पाणी' या वाक्प्रचारावरून बार्टलॉट आणि नाइनहाउस यांच्या १९९७ च्या कमळपत्राच्या संशोधनापर्यंत गेले, पानावरचे मेणाचे सूक्ष्म उंचवटे दाखवले, आणि इरलं हा शब्दही माझ्या तोंडून आला नाही. बांबूचंही तसंच. बांबूचे मजबूत धागे बाहेरच्या अंगाला दाट आणि आत विरळ असतात, हे मी आलेखावर दाखवत होते. समोरच्या एका मुलीला सालीकडची कामटी कुठे वापरायची आणि गाभ्याकडची कुठे, हे हाताला माहीत होतं. आलेख तिच्या हाताचं स्पष्टीकरण होता, पण मी तो शोध म्हणून सादर केला. आपल्याकडे 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतात. वाळवीच्या वारुळात नाग शिरतो आणि पूजा नागाची होते. डिझाइनच्या इतिहासातही असं फार वेळा झालं आहे.

इथे एक जण मला थांबवेल, आणि थांबवायलाच हवं. दुसऱ्या दिवशी मी घाईघाईने टोपली आणि इरलं वर्गात आणलं, तेव्हा त्याच मुलीने विचारलं, "ताई, आम्ही शाळेत येऊनपण टोपलीच करायची का?" या प्रश्नाला जुनं वजन आहे. गांधीजींच्या नयी तालीमवरही हा आक्षेप घेतला गेला : शहरातली मुलं भूमिती शिकणार आणि खेड्यातली चरखा चालवणार, असं तर होणार नाही ना? कातकऱ्याच्या मुलाला कातकऱ्याचंच ज्ञान सुंदर आहे म्हणून सांगणं, हा त्याला तिथेच ठेवण्याचा सभ्य मार्ग असू शकतो. त्या मुलीला आलेख हवा होता, लॅपटॉप हवा होता, हरारे हवं होतं. ते मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

माझ्या परीने उत्तर असं : टोपली शेवट म्हणून नको, पुरावा म्हणून हवी. महाराष्ट्रात याचे नमुने आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात गेली, पण तिथे शिकवलं ते लिहिणं-वाचणं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून पुणे जिल्ह्यात पाबळला गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग करतात, घुमट उभारतात. बकमिन्स्टर फुलरच्या भूमितीवर बेतलेले हे घुमट पाबळच्या नावाने ओळखले जातात. विहिरीची जागा शोधण्यासाठी जमिनीची विद्युतरोधकता मोजायलाही ती शिकली. हात आणि आलेख यांत तिथे सोवळंओवळं नव्हतं. कलबागांच्या मुलांना निसर्ग गुरू म्हणून भेटला नाही, काम म्हणून भेटला. गावाला लागणारं काहीतरी करून द्यायचं आणि त्यात चुकलं तर गावच सांगणार. बोधकथेला अशी तपासणी कधी द्यावी लागत नाही.

आणि गावाला काय लागतं? इथे पाठाची सगळ्यात मोठी फट आहे. शेवटचा उपक्रम पाण्याचा होता. नामिबच्या वाळवंटातला एक भुंगेरा पाठीवर धुकं पकडून पाणी पितो, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. (पाठीवरच्या उंचवट्यांच्या वाट्याबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, तेही पाठात नाही.) मुलांनी त्यावरून पाणीटंचाईवर उपाय सुचवायचा होता. एका गटाचा कागद कोरा राहिला. का, विचारलं तर एक जण म्हणाला, "पाणी आहे ना इथं. पाइपातून मुंबईला जातं."

तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झालं, मुंबईची तहान भागवण्यासाठी. नंतर याच तालुक्यात भातसाही आलं. चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या शहापुरात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतात आणि बायका हंडे घेऊन टेकड्या उतरतात. या मुलांना मी वाळवंटातल्या भुंगेऱ्याकडून पाणी मिळवायला शिकवत होते. डिझाइनची पहिली पायरी 'समस्या ओळखा' अशी असते. पाठाने समस्या आधीच ओळखून आणली होती, आणि ती अशी ओळखली होती की तिचं उत्तर भुंगेऱ्यात सापडावं. पाइपलाइन कुठून कुठे जाते, हे त्यात बसत नव्हतं. तो कोरा कागद त्या तीन दिवसांतली सगळ्यात नेमकी समीक्षा होती.

म्हणून पाठ टाकून द्यावा का? मला तसं वाटत नाही. पंधराव्या वर्षी गोखरूच्या आकड्यात यंत्र दिसणं ही आनंदाची गोष्ट आहे, आणि तो आनंद मी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. खंड्याच्या गोष्टीनंतर दोन मुलं मधल्या सुट्टीत बंधाऱ्यावर जाऊन बसली होती. पाठातून गोष्ट काढू नये, गोष्टीतले गाळलेले भाग परत घालावेत : विणकर, चाचण्या, फसलेलं सूत, नापसंत खोपे, आणि पाइप. तेवढ्याने तो लांबेल, कमी चकचकीत होईल, आणि शिबिराच्या शेवटी टाळ्या कमी पडतील. चालेल.

या लेखात मी मेस्ट्रल, नाकात्सु, पिअर्स, टर्नर, महादेवन यांची नावं लिहिली. अळंबीचं सांगणाऱ्या मुलाचं नाव मी तेव्हा वहीत टिपलंच नाही. तो आता अकरावीत असेल, शिकत असला तर. चौथ्या चित्राखालचं वाक्य मी बदललं आहे. आता तिथे एवढंच आहे : 'वारुळावर अळंबी का येते?' आणि त्याखाली अर्धं पान कोरं.